आखाजीला आलेली खातेदार

खानदेशात परक्या माणसानं दारात उभं राहून “इथं अमुक राहतात का?” असं विचारलं, की त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर तो कोर्टाचा बेलीफ, नाही तर सोयरीक बघायला आलेला पाहुणा. पहिल्याला गाव सांगतं, या नावाचं इथं कुणी राहतच नाही. दुसऱ्याला सांगतं, राहतात ना, आणि काय सांगावं तुम्हाला, माणूस म्हणजे नुसता देवमाणूस. मी या दोन्हींतली कुणीच नव्हते. मी बँकेची बाई होते. पण तिसऱ्या प्रकारच्या माणसाला काय उत्तर द्यायचं हे कुणी ठरवून ठेवलेलंच नव्हतं, त्यामुळे मला कधी बेलिफाची उत्तरं मिळायची, कधी सोयरिकीची. त्यातून खरं काय ते निवडून काढायचं, हे माझं काम.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी जळगावच्या शाखेत कारकून होते. टपालातून चेक पळवायचे, खोट्या नावानं खातं उघडायचं, त्यात तो चेक वटवायचा आणि पसार व्हायचं, असे प्रकार तेव्हा कानावर यायला लागले होते. ओळखपत्रं आजच्यासारखी नव्हती. जुन्या खातेदारानं ओळख दिली की खातं उघडायचं, आणि ओळख देणारे इतके भिडस्त असायचे की चहा प्यायला आलेल्या माणसाच्या अर्जावरही सही ठोकून द्यायचे. म्हणून हेड ऑफिसचं पत्रक निघालं. खातं उघडलं की ग्राहकाच्या पत्त्यावर आभाराचं पत्र टाकायचं. पत्र पोचलं तर पत्ता खरा. पत्र परत आलं तर माणूस पाठवायचा.

माणूस म्हणजे मी. शाखेतल्या पुरुषमंडळींना उन्हातान्हात गावं तुडवण्यात रस नव्हता, आणि साहेबांचं म्हणणं होतं की बाईमाणसाला लोक घरात घेतात. मला तर लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरात डोकावायची दांडगी हौस. आई तिला भोचकपणा म्हणायची. बँक त्याच गुणाचा मला पगार द्यायला लागली, तेव्हा आईचा नाइलाज झाला.

पत्ता या गोष्टीवर माझा जो विश्वास होता तो जळगावजवळच्या असोदा गावानं पहिल्याच महिन्यात घालवला. अर्जावर लिहिलं होतं, मारुतीच्या देवळामागे. देवळामागे गेले, तर त्या नावाचे चार जण निघाले, आणि चौघेही देवळामागेच राहणारे, कारण अख्खी गल्लीच देवळामागे होती. चौघांना बोलावून आणलं गेलं. चौघेही ओट्यावर बसले आणि आपल्यापैकी खातं कुणी उघडलं असेल याची मनापासून चर्चा करू लागले. त्यातल्या एकाला तर हळूहळू वाटायला लागलं की आपणच उघडलं असावं. खरा माणूस हा पाचवाच होता, आणि तो त्या वेळी जळगावला आमच्याच काउंटरवर उभा राहून पत्र का आलं नाही म्हणून भांडत होता.

हळूहळू मी शिकले. “ते इथं राहतात का?” असं विचारायचंच नाही. पाणी कोणत्या नळावर भरतात, सकाळी कितीच्या गाडीला निघतात, पोरं कोणत्या शाळेत जातात, असं आडून आडून विचारायचं. आणि बोलता बोलता अंगणातली कपड्यांची दोरी बघायची. माणूस घरात राहत असला की त्याचं काही ना काही दोरीवर असतंच. चपला खोट्या असू शकतात, त्या पाहुण्यांच्याही असतात. बनियन मात्र घरच्या माणसाचंच.

धुळ्याला एका गल्लीत ओट्यावर दाढी करत बसलेल्या गृहस्थांना मी त्यांचंच नाव घेऊन विचारलं. तो सुरतला गेला, दोन वर्षं झाली, असं त्यांनी आरशातून नजर न हलवता सांगितलं. मी म्हटलं, वाईट झालं, बँकेत खातं उघडलं होतं त्यांनी. तेव्हा त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाले, “बँकेच्या का तुम्ही? मग आला म्हणा तो सुरतहून.” अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी मला सगळं घर फिरून दाखवलं.

याच्या उलट जळगावच्या एका कॉलनीत मी खातेदार तरुणाच्या आईला विचारलं, किती वर्षं आहात या घरात? त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, पोहे केले, फ्रिज उघडून दाखवला, घर भाड्याचं नाही हे दोनदा सांगितलं, आणि मुलाला मंगळ नाही हे न विचारता सांगितलं. मुलगा आतून भांग पाडून आला. मी बँकेचं ओळखपत्र काढलं तेव्हा त्या माउलीचा चेहरा इतका उतरला की मलाच अपराध्यासारखं झालं. मी म्हटलं, माझ्या माहितीत आहे एक मुलगी. खरंच होती, पण जमलं नाही.

आता हे सगळं संपलं. कागद मशीनमध्ये जातो, अंगठा काचेवर टेकतो, आणि माणूस कुठं राहतो हे कुणाचाही उंबरा न चढता कळतं, किंवा कळलं असं समजतात. मला त्याचं वाईट वाटतं, हे सरळच सांगते. लोक आपल्या घराबद्दल काय सांगतात आणि काय सांगत नाहीत हे ऐकण्यात जी गंमत होती, ती मला पुढे कशातच मिळाली नाही. पण एक चौकशी अशी होती की तिच्यात गंमत सुरुवातीलाच संपली, आणि तीच मला सगळ्यांत जास्त आठवते.

तोवर माझी बदली अमळनेरच्या शाखेत झाली होती. जवळच्याच एका गावातून सुमन नावाची बाई खातं उघडायला आली. पंचविशीची, अंगानं बारीक, अक्षर मात्र मोठं आणि ठसठशीत. गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून तिची निवड झाली होती. मानधन बँकेत जमा होणार होतं, आणि सेविका त्याच गावात राहणारी हवी अशी अट होती. महिन्याच्या आत पासबुक दाखवलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार. अर्ज भरताना तिनं दोनदा विचारलं, “ताई, पत्र घरी येईल ना?” मी म्हटलं, येईल की.

पत्र गेलं आणि परत आलं. पाकिटावर गावच्या पोस्टमननं लिहिलं होतं, सासरी असते.

मला नवल वाटलं. जी बाई गावात राहते म्हणून तिला नोकरी मिळतेय, तिच्याबद्दल गावचाच पोस्टमन ती गावात नसते म्हणून लिहितो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. मी दुसऱ्याच दिवशी एस्टीनं निघाले. शाखेत सकाळी सत्यनारायण झाला होता, त्यामुळे नेमकी मी त्या दिवशी जरीकाठाची साडी नेसलेली. ते गावाच्या डोळ्यांवर आलं.

कापसाची वेचणी चालू होती. घरोघरी ओट्यावर कापसाचे ढीग होते. सुमनचे वडील हिलाल आबा, त्यांच्या शेजारच्या घरी वेणूअक्का नावाची म्हातारी बोंडं सोलत बसली होती. मी तिला विचारलं, आबांच्या घरी कोण कोण असतं, मुली किती? माझ्या साडीकडे एकदा बघून ती धाकट्या लताबद्दल जी सुरू झाली ती थांबेचना. स्वयंपाकाला अशी, शेतात अशी, आवाज कसा तो नाहीच. मी विचारलं, आणि मोठी?

“मोठी तं सासरी राहस,” वेणूअक्का म्हणाली. “आखाजीले येल शे.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आठ-पंधरा दिवस गाणी म्हणतात आणि परत जातात. तो येतो वैशाखात, ऐन उन्हाळ्यात. आणि आम्ही बसलो होतो थंडीत, कापसाच्या ढिगाजवळ. पुढच्या दोन घरी विचारलं, तिथंही तेच, आखाजीला आलीय. सगळ्या गल्लीचं एकच उत्तर, आणि तेही असं सहज, की मलाच क्षणभर वाटलं उन्हाळा असावा.

हिलाल आबांनी मला खाटेवर बसवलं. लतानं चहा आणला. आतल्या दाराआड कुणीतरी उभं होतं आणि बाहेर येत नव्हतं, ते मला साडीच्या काठावरून दिसलं. मी सांगितलं की मी बँकेतून आले, सुमनच्या खात्यासाठी. आबांचा चेहरा पडला. ते बराच वेळ टोपी सारखी करत राहिले. मग म्हणाले, पाहुणी शे ती, जाईल आता. अंगणात दोरीवर सुमनची काउंटरवर बघितलेली निळी साडी वाळत होती. मी काहीच न लिहिता उठले.

सुमन मला एस्टीच्या थांब्यावर गाठायला आली. धापा टाकतच तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, त्याला चार वर्षं झाली. ही माहेरी निघून आली ती परत गेलीच नाही. सोडचिठ्ठी नाही, भांडण नाही. गावाला सगळं माहीत, पण गावानं ते पोटात ठेवलं, कारण लताचं अजून जमायचं होतं. घरात टाकलेली थोरली आहे म्हटलं की धाकटीला स्थळ येत नाही. म्हणून सुमन चार वर्षं पाहुणी होती. परकं माणूस गावात आलं की ती आत जायची. धुळ्याहून लताला एक स्थळ यायचं होतं, मला बघून सगळ्यांना वाटलं, तेच पाहुणे बघायला आले.

“आबा वाईट नाहीत, ताई,” ती म्हणाली. “पण मी इथंच राहते हे त्यांच्या तोंडून निघत नाही.”

मला तिच्या बापाचा राग आला होता, तो ते ऐकून निम्मा कमी झाला. उरलेला निम्मा मात्र कायम होता.

आता सासरी काय सांगतात हे बघायची मला उत्सुकता लागून राहिली. ते गाव पाचोऱ्याकडे, म्हणजे आमच्या शाखेच्या हद्दीबाहेर. बँकेचा त्याच्याशी संबंध नव्हता. मी माझी रजा टाकून गेले, आता काय म्हणायचं ते म्हणा. सुमनची सासू ओट्यावर तूर पाखडत होती. सुमन इथंच राहते का म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

“राहस ना. कोठे जाई? सून शे आमनी. आखाजीले गयेल शे माहेरले.”

तिथंही आखाजीच. दोन्ही गावांनी मिळून ठरवलं नसेल, तरी बाईला ठेवायला दोघांनाही तीच एक जागा सापडली होती. एका तरुण बाईनं मला पाणी आणून दिलं. ही माझी भाची, सासू म्हणाली. भाचीच्या कडेवर मूल होतं. तेवढ्यात एक माणूस शेतातून आला, मूल त्याच्याकडे झेपावलं आणि त्याला बाबा म्हणालं. मी पाणी प्याले आणि गाडी धरली.

अमळनेरच्या साहेबांना मी सगळा प्रकार सांगितला. जिथं ती राहत नाही ते म्हणतात राहते, आणि जिथं राहते ते म्हणतात राहत नाही. साहेब मनानं चांगले, पण नियमाला पक्के. घरचं एक आणि शेजारचं एक अशा दोन माणसांनी ती इथं राहते असं तोंडानं सांगायला हवं, तुमचा अंदाज चालणार नाही, म्हणाले. मी दोरीवरच्या साडीचं सांगितलं. ते म्हणाले, साडीच्या नावावर खातं उघडता येत नाही, बाई. आणखी एकदा जाऊन या, नाही तर खातं बंद करू. मला चीड आली, पण त्यांचंही खोटं नव्हतं. उद्या कुणीही कुणाच्याही दोरीवर साडी वाळत घालेल.

दुसऱ्यांदा गेले ती सुती साडी नेसून, खांद्याला बँकेची पिशवी अडकवून. आबा ओट्यावर होते, वेणूअक्का तिच्या दारात. मी मुद्दामच आवाज चढवून सांगितलं की मी बँकेतली बाई आहे, सोयरिकीची नाही. ही लता, ती सुमन, मला दोघी माहीत आहेत. मला एकच विचारायचं आहे, सुमन कुठं राहते. पाहुणी म्हणाल तर मी पाहुणी लिहीन. मग खातं बंद होईल आणि अंगणवाडी दुसऱ्या बाईला जाईल. काय सांगायचं ते मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा.

समोरच्या घरांतून दोन-तीन बाया बाहेर आल्या. वाटेनं जाणारा एक गाडीवान बैल थांबवून उभा राहिला. आता एवढ्या माणसांपुढे बोलायचं म्हणजे ते संध्याकाळपर्यंत धुळ्याला पोचणार, हे आबांना कळत होतं. मलाही कळत होतं. आपण नुसता पत्ता विचारायला आलो आणि एका घराचं दोन मुलींत कुणाला वाचवायचं ते ठरवायला लावतोय, असं वाटलं. आबा खाली बघत राहिले. वेणूअक्कानं त्यांना सोडवायला म्हणून पुन्हा म्हटलं, पाव्हनी शे ती. पण या वेळी तिचा आवाज पडलेला होता.

दारातून लता बाहेर आली. भाकरी थापताना उठून आली असावी, हाताला पीठ होतं. ती बापाच्या समोर येऊन उभी राहिली.

“आबा, सांगी द्या,” ती म्हणाली. “मन्हं काय व्हवानं ते व्हई.”

लताचं लग्न पुढच्या वर्षी झालं. धुळ्याच्या त्या स्थळानं खरोखरच नाही म्हणून कळवलं होतं. नंतर पारोळ्याकडचे लोक आले, त्यांना आबांनी पाणी द्यायच्या आधी थोरलीचं सांगितलं, आणि ते उठून गेले नाहीत. पण हे नंतरचं. त्या दिवशी त्या पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तरी ती बोलली, म्हणून मला तिचं फार अप्रूप वाटतं.

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझ्याकडे न बघता ते समोरच्या घरांकडे बघून बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“लिखा बाई. मन्ही आंडेर आठेच राहस. हाई तिनं घर शे.”

लेक इथंच राहते, हे घर तिचंच, हे शेवटी त्यांच्या तोंडून निघालं. गाडीवानानं बैल हाकले. बाया जागच्या हलल्या नाहीत. मी लिहिलं. शेजारच्या माणसाचं काय, म्हणून मी वेणूअक्काकडे बघितलं, तर ती आधीच पायऱ्या उतरून माझ्याकडे येत होती.

“मंग मन्हंबी बदली टाका,” ती म्हणाली. “चार वरीस व्हयी गयात तिले आठे.” मग समोरची एक बाईही म्हणाली, माझंही लिहा. मी सांगितलं, एकीचं पुरतं. तर तिला ते पटेना. चार वर्षं जे सगळ्यांनी मिळून सांगितलं ते एकटीनंच कसं खोडायचं, असं तिचं म्हणणं पडलं. शेवटी मी खाली जागा होती तिथं सगळ्यांची नावं लिहिली. साहेबांनी नंतर विचारलं, हे काय, अख्खी गल्ली? मी म्हटलं, हो.

मी पिशवी आवरली. गावाबाहेर एस्टीचा हॉर्न वाजला, अमळनेरची ती शेवटून दुसरी गाडी. मी उठायला लागले तेवढ्यात दाराआडून सुमन बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं मागं सारला होता. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत ती ओट्यावर बापाच्या बाजूला येऊन उभी राहिली. लता चहा ठेवायला वळली, तर सुमननं तिचा हात धरून तिला थांबवलं आणि मला म्हणाली,

“बसा ताई. चहा मी मांडस.”

मी एस्टी जाऊ दिली आणि बसले.